पेपर मराठीत, पुस्तक कुठे?

‘राज्यशास्त्र पाठांतराचा विषय, सीयूईटीसाठी महिनाभर पुरतो’ हे तुमच्याकडे आलेल्या सीयूईटीवरच्या (केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सामायिक परीक्षा) लेखातलं वाक्य खटकलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. पेपर मराठीतून देता येतो, हे लेखात आहे. पण प्रश्न येतात एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या, बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि राज्य बोर्डाची आमची मुलं शिकतात बालभारतीचं पुस्तक. म्हणजे बोर्डाची परीक्षा संपली की मराठी माध्यमाच्या पोरांनी इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकं घेऊन अर्धा अभ्यास नव्याने करायचा! त्यात ६० मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं की एक वजा. महिनाभर पुरतो कुणाला? ज्याची शाळाच सीबीएसईची होती त्याला.

आणि पाठांतराचंच म्हणाल, तर शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचं विचारूच नका. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, हे मुलांना तोंडपाठ असतं. पण रयतेच्या करातला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, ही त्यातली तक्रार विचारली की वर्ग गप्प. चार पर्यायांत बसतं ते साल. ही तक्रार आज कुणाला लागू पडते, यावर वर्गात एक तास भांडण लावून बघा. माझ्याकडे तरी सनावळीसुद्धा त्यानंतरच पक्की झालेली दिसते.