पडशील हं!

माझ्या मुलीने जन्मापासून आजवर माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द तिचे नाव नसून 'पडशील' हा आहे. पलंगाच्या कडेशी गेली की पडशील, जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरली की पडशील, आणि काहीच न करता खुर्चीवर स्वस्थ बसली असली तरी, खुर्ची जरा तिरकी आहे म्हणून, पडशील. हा शब्द मी शोधून काढलेला नाही. तो मला माझ्या आईकडून मिळाला, तिला तिच्या आईकडून मिळाला होता, आणि आमच्या घरात तो पाटल्या-बांगड्यांसारखा एका पिढीकडून दुसरीकडे आला. फरक इतकाच, की अडीअडचणीला तो मोडून खाता येत नाही. या शब्दाला एक धपाटाही जोडलेला असतो. लहानपणी ठाण्याला, नौपाड्यात, मी जेव्हा जेव्हा पडले तेव्हा तेव्हा आईने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग "सांगत होते ना, पडशील म्हणून!" असे म्हटले आणि सर्वांत शेवटी गुडघ्याला हळद लावली. हा क्रम कधीही चुकला नाही.

मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला तिच्या मामाने स्केटबोर्ड आणला, तेव्हा आता ही दिवसभर त्यावर उंडारणार आणि मी दिवसभर ओरडणार, अशी मनाची तयारी मी करून ठेवली होती. घडले भलतेच. तिने ती फळी दोन्ही हातांनी उचलली, चारही चाके एकेकदा फिरवून पाहिली, 'मस्त आहे' असा शेरा दिला आणि फळी दिवाणाखाली सरकवली. तीन महिने ती तिथेच होती. एकदा केर काढताना मी विचारले, "अगं, खेळत का नाहीस?" तर ती शांतपणे म्हणाली, "आई, मी पडेन."

मी एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते. दुसऱ्याच्या वहीतली चूक मला लांबून दिसते, पण ही नोंद माझ्याच हातची होती. 'पडशील'चे 'पडेन' झाले होते. क्रियापदाचा पुरुष तेवढा बदलला होता. तिला धीर द्यावा म्हणून मी सांगितले, की २०२१ साली टोकियोला झालेल्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि मुलींच्या एका प्रकारात सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघीही अवघ्या १३ वर्षांच्या होत्या. त्यावर ती म्हणाली, "त्यांच्या आयांना मराठी येत नसेल."

यानंतर माझ्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. "मी उभी राहून दाखवते," असे मी त्रेचाळिसाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि साक्षीदारांसमक्ष बोलून बसले.

आधी कोणता पाय पुढे ठेवायचा ते ठरवावे लागते. त्यासाठी म्हणे बेसावध माणसाला मागून हलकेच ढकलावे आणि तोल सावरताना त्याचा जो पाय आपोआप पुढे येईल, तो पुढचा धरावा. मुलीने हे काम अपेक्षेपेक्षा जास्त उत्साहाने केले. माझा उजवा पाय पुढे आला. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला 'रेग्युलर' म्हणतात आणि उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला 'गूफी', म्हणजे बावळट. आमच्याकडे शुभकार्याला उजवा पाय पुढे टाकायची पद्धत असल्यामुळे, या शास्त्रानुसार, माप ओलांडून घरात आलेली प्रत्येक सून पहिल्याच पावलाला गूफी ठरते. त्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणवत नाही.

मग निघाला ट्रकचा विषय. "आई, ट्रक सैल आहे, घट्ट करायला हवा," असे मुलगी म्हणाली तेव्हा मला तुर्भ्याच्या बाजारात कांदे घेऊन येतो तो ट्रक आठवला. फळीच्या खाली चाकांचे आस धरणारा धातूचा जो भाग असतो, त्याला ट्रक म्हणतात. आपण ज्या बाजूला झुकू त्या बाजूला तो फळी वळवतो आणि मधला नट जितका सैल तितकी फळी जास्त डोलते. कोपऱ्यावरच्या स्कूटरच्या गॅरेजवाल्याने पाना लावून तो आवळून दिला, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारले, "कोण चालवणार?" मी मुलीकडे बोट दाखवले. खोटे बोलण्याचा तो पहिला प्रसंग.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, नेरुळमधली आमची सोसायटी झोपेत असताना, मी शिरस्त्राण, गुडघ्यांची आणि कोपरांची कवचे आणि मनगटपट्ट्या चढवून पार्किंगमध्ये उतरले. रखवालदार उठून उभा राहिला. इतकी वर्षे त्या सोसायटीत राहत असून माझ्यासाठी तो प्रथमच उठून उभा राहिला.

फळीवर उभे राहणे फारसे कठीण नसते. फळी हलली की कठीण होते. कॅरम खेळताना सोंगटी सुळकन जावी म्हणून आम्ही बोर्डावर पावडर टाकत असू. त्या सोंगटीला काय वाटत असेल, हे मला चार फुटांच्या प्रवासात समजले. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलल्यामुळेच फळी पायांखालून पुढे निसटते. वजन पुढच्या पायावर टाकले तर ती मुकाट्याने बरोबर येते. पण मागे रेलणे ही माझी केवळ त्या क्षणाची चूक नव्हती, तो माझा स्वभाव आहे. फळी सुटली आणि सेक्रेटरींच्या गाडीखाली जाऊन थांबली. मी मात्र जागच्या जागी, माकडहाडावर, आवाज करून बसले. शरीरातली बाकी सगळी हाडे मी कवचांनी झाकली होती. माकडहाडाचे कवच त्या संचात मिळत नाही.

मुलगी धावत आली आणि शेजारी उकिडवी बसली. मला वाटले, आता ही रडेल. तिने बारकाईने माझा चेहरा पाहिला आणि विचारले, "पडलीस?"

"हो."

"मग? आता?"

या प्रश्नाचे उत्तर मला सुचेना. पडण्याच्या आधी काय बोलायचे ते मला नऊ-दहा वर्षे तोंडपाठ होते, पण पडून झाल्यावर पुढे काय असते याचा मी तिला कधी पत्ताच लागू दिला नव्हता. "आता काय, उठायचं," असे म्हणून मी हात पुढे केला. तिने मला ओढून उभे केले, गाडीखाली हात घालून फळी बाहेर काढली आणि त्यावर स्वतः चढली. माझा खांदा घट्ट धरून ती तीन खांब पुढे गेली. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता. मी तो पाण्याशिवाय गोळी गिळावी तसा गिळला.

पार्किंगच्या बाहेर मात्र आमची डाळ शिजली नाही, कारण बाहेर पेव्हर ब्लॉक आहेत. ही फळी मुळात कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या लोकांनी, समुद्र शांत असला की करमेना म्हणून, १९५०च्या दशकात रस्त्यावर आणली. तिला पॉलियुरेथेनची चांगली पकड घेणारी चाके मिळाली ती १९७०च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे सिडको स्थापन होऊन आमच्या शहराचे आराखडे होऊ लागले त्याच सुमारास. दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांना विचारलेले दिसत नाही. या चाकांचा व्यास पाच-साडेपाच सेंटीमीटर. दोन ब्लॉकांमधल्या फटीत हरभऱ्याएवढी खडी असली तरी चाक जागीच थांबते आणि माणूस, न्यूटनने सांगितल्याप्रमाणे, आपला प्रवास चालू ठेवतो.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही सीवूड्सजवळच्या एका गुळगुळीत काँक्रीटच्या पटांगणात शिकायला जाऊ लागलो. शिकवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा, दाढी फुटायच्या बेतात, आणि मला काकू म्हणणारा. त्याने पहिले दोन तास फक्त पडायला शिकवले. गुडघे वाकवा, खाली व्हा, हात टेकू नका, खांद्यावरून लोळा. आयुष्यभर जे फुकट केले त्याचे पैसे मोजताना जिवावर आले. मी पावती मागितली. नंतर एका पायावर उभे राहून दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची होती. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षी तासन् तास एका पायावर उभे असतात आणि २०१५ पासून त्यांना अभयारण्यही आहे. मला तेवढ्याच कौशल्यावर चार सेकंद मिळत. संरक्षण कुणाचेच नव्हते.

दोन महिन्यांनी लाकडी उतार आला, कमरेएवढ्या उंचीचा. माथ्यावर फळीची शेपटी टेकवून मागचा पाय तिच्यावर ठेवायचा, पुढचा पाय अधांतरी असलेल्या पुढच्या चाकांवर, आणि मग सगळे अंग पुढे झोकून ती चाके उतारावर आपटायची. अर्ध्या मनाने झोकले तर फळी पुढे जाते आणि आपण पाठीवर. मुलगी माथ्यावर वीस मिनिटे उभी होती. मागे सात-आठ वर्षांच्या पोरांची रांग लागली; तिने दोनदा त्यांना पुढे जाऊ दिले. खाली मी ओठ दाबून उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आई, तू तोंड असं करू नकोस. न बोलता पण ऐकू येतं."

मी पाठ फिरवली. मागे चाकांचा खाडकन आवाज झाला, मग धप्प झाले, मग काहीच नाही. मी मोठ्या कष्टाने वळले नाही. पुन्हा पावले वर गेली, पुन्हा खाडकन, आणि या वेळी त्यानंतर लांबवर जाणारी घरघर ऐकू आली. ती माझ्या बाजूने सुसाट निघून गेली. गुडघ्याच्या कवचाचा पट्टा सुटलेला, खाली चांगले खरचटलेले, आणि चेहऱ्यावर निकाल लागल्याचा आनंद. त्या भरात मीही वर चढले. माझा निकाल फारसा लांबला नाही.

घरी पोहोचलो तर ठाण्याहून आई आलेली. तिने दार उघडले, नातीचा गुडघा पाहिला, माझे लंगडणे पाहिले, माझ्या हातातली फळी पाहिली.

"पडलीस?" तिने नातीला विचारले.

"हो, पण नंतर जमलं."

"शहाणी गं बाय माझी," असे म्हणून तिने नातीच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, आणि मी चपला काढायला वाकले तेव्हा माझ्या पाठीत धपाटा घातला.