हात आवरा

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे त्याचा प्रोजेक्ट आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरात आहे. "मामा, आता उठायला नको. नुसता हात हलवला की लाइट," तो म्हणाला. 'उठायला नको' ऐकल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही, ही माझी चूक.

त्याने माझ्या मनगटावर पट्टा बांधला. त्यावर बोटाच्या पेराएवढी निळी पाटी, शेजारी ईएसपी३२ नावाची वायफायवाली छोटी कॉम्प्युटर-पाटी, खाली लोंबणारी बॅटरी आणि सगळ्यावर काळी चिकटपट्टी. पाटीवरच्या चिपचं नाव एमपीयू ६०५०. तिच्यात म्हणे डोळ्यांना न दिसणाऱ्या स्प्रिंगांवर सिलिकॉनचं वजन टांगलेलं असतं. हात हलला की ते जरा मागे राहतं, तेवढ्यावरून चिपला हालचाल कळते. मोबाइल आडवा धरला की चित्र आडवं होतं, तेही असल्याच चिपमुळे. गंमत म्हणजे टेबलावर निपचित पडून असतानाही ती ९.८ आकडा दाखवते, कारण गुरुत्वाकर्षण सुट्टी घेत नाही. "नुसतं पडून राहूनही काहीतरी काम दिसतंय म्हणायचं," असं म्हणताना बायको चिपकडे बघत नव्हती.

खुणा चार ठरल्या. मनगट उजवीकडे झटकलं की लाइट, हवेत गोल फिरवलं की पंखा, हात वर नेला की टीव्ही, दोनदा खाली आपटला की सगळं बंद. प्रत्येक खूण ५० वेळा करून दाखवायची. चिप सेकंदाला १०० वेळा सहा-सहा आकडे टिपणार आणि त्यावरून मॉडेल, म्हणजे खुणा ओळखणारा प्रोग्राम, शिकणार. २०० वेळा हात हलवून माझा खांदा धरला. समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "भाऊजी, कोणाला बोलवत होतात?"

शिकणं झालं. मी सोफ्यावर बसून मनगट झटकलं. रिले, म्हणजे आपल्याऐवजी बटण दाबणारी डबी, 'टक्' वाजला आणि ट्यूब लागली! त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगत नाही. बटण सोफ्यापासून चार पावलांवर आहे.

रविवारी मिसळ होती. पाव मोडला, ट्यूब लागली. लिंबू पिळलं, पंखा सुरू झाला. पापड उचलला, टीव्हीवर बातम्या. काळा रस्सा टाळ्याला लागला म्हणून हात झाडला, तर सगळं घर बंद. अंदाजाने फरसाण शोधत मी भाच्याला हाक मारली.

खरा घोळ संध्याकाळी झाला. आरती माझ्याकडे, पट्टा हातातच. ताम्हन एकदा ओवाळलं, टक्, पंखा सुरू, निरांजन विझलं. आईने ते लावलं. पुन्हा ओवाळलं, टक्, पंखा बंद. चला, सुटलो म्हणून तिसऱ्यांदा ओवाळलं, टक्! आईने विझलेल्या वातीकडे बघितलं, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "देवाला उकडत असेल रे, राहू दे."

भाच्याने लॅपटॉप उघडून निदान केलं. मॉडेलला चारच उत्तरं ठाऊक होती. समोर काहीही आलं तरी चारांतलं एक द्यायचंच, पेपरात एकही प्रश्न कोरा न सोडणाऱ्या पोरासारखं. "मामा, 'काहीच नाही' ही पाचवी खूण शिकवायची राहिली."

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीच नाही. पण भरपूर वेळ."

"यात त्यांना सराव लागायचा नाही," आतून आवाज आला.

दोन दिवस मी चहा ढवळला, पाठ खाजवली, पेपर उलटला, डास मारले, आणि सगळ्याची नोंद 'काहीच नाही' अशी झाली. ३० वर्षांच्या नोकरीतही माझ्या कामाची इतकी स्वच्छ नोंद कुणी केली नव्हती. त्यानंतर आरती नीट पार पडली. मात्र बायकोने पट्टा बांधून पाहिला तर मॉडेल गप्प. तिचा हात माझ्यापेक्षा भराभर चालतो आणि मॉडेल फक्त माझ्या आळसावर वाढलेलं. तिने उठून बटण दाबलं.

पट्टा आता कॉलेजात परीक्षकांसमोर आहे. सवय मात्र माझ्याकडे राहिली. काल सीबीएस बसस्टँडजवळ, दुकानातला दिवा गेला म्हणून नकळत मनगट झटकलं, तर करकचून ब्रेक दाबत रिक्षा पुढ्यात उभी राहिली.

"बोला काका, शालिमार?"

मला कुठंच जायचं नव्हतं. पण एकाच झटक्यात, पहिल्याच वेळेला! मी बसलो.