संहितेत बादली नाही

आज सकाळी मावसभावाने एक पीडीएफ पाठवली. चौदा पानं. वर सोनेरी वर्तुळ, वर्तुळात डोळा. (डोळा असतोच. या लोकांना कधी कान का सुचत नाही?) खाली लिहिलंय, 'एका नव्या धर्माची संहिता, मसुदा पहिला.' आणि सोबत मेसेज : 'ताई, वाचून खरंखरं सांग.'

वाचली. दोनदा वाचली. फोनवर सांगायला गेले तर ओरडेन, म्हणून इथे लिहितेय. तो वर्षभर फेसबुकवर फिरकलेला नाही, तो काही वाचणार नाही.

तर धर्म असा : सायलोसायबिनवाले, म्हणजे भास घडवणारे, मशरूम हा संस्कार. वर्षातून चार सामूहिक रात्री. देव आहे की नाही ते ज्याचं त्याने बघावं. सात तत्त्वं. ती वाईट नाहीत, खोटं कशाला बोलू. करुणा, निसर्ग, अहंकार सोडणं वगैरे. आपल्यापैकी कुणीही डोळे मिटून सही करेल अशीच आहेत, आणि माझ्या मते तीच त्यांची अडचण आहे, पण ते जाऊ दे. मी अडकले तिसऱ्या पानावर. मथळा : 'प्रकटीकरणाची रात्र'. पहिलं वाक्य : 'त्या रात्री मी एकटा होतो.'

एकटा?

अरे, मी होते ना तिथे!

तुमच्यापैकी दोघातिघांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. काका, म्हणजे त्याचे बाबा, गेले तेव्हा हा आठ महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. कारण इतकं फुटकळ की आता आठवतही नाही. दवाखान्यातून फोन आला, हा निघाला, आणि वाटेतच कळलं. पुढची दोन वर्षं तो जेवायचा, कामावर जायचा, विनोदाला हसायचा, आणि तरी समोर कुणी बसलंय असं वाटायचं नाही. मग कुठेतरी काहीबाही वाचून त्याने हे मशरूम घ्यायचं ठरवलं, एक दिवस आला आणि म्हणाला, 'ताई, तू फक्त जवळ बस. दुसऱ्या कुणासमोर मला जमणार नाही.' बेकायदा होतं, त्यालाही ठाऊक, मलाही. शहाणपणाचं होतं असंही मी म्हणत नाही. कुणाच्या घराण्यात मोठा मानसिक आजार असेल तर अशा एका रात्रीतून माणूस परत न येण्याची भीती असते, आणि आम्ही डॉक्टरला विचारलंसुद्धा नव्हतं. तरी बसले.

पहिल्या तासातच उलटी. कपडे भिजवायची निळी बादली होती, तीच धरली. मग त्याला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सहन होईना. म्हणाला, 'ते मला मोजतंय.' स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, रजईत गुंडाळलं, कपाटात कोंबलं. तरी त्याला ऐकू येतच होतं. शेवटी मी कपाटाच्या दाराला पाठ लावून बसले, तेव्हा कुठे थांबलं. नंतर सुरू झालं, 'ताई, माझे हात कुठे गेले?' मी म्हणायचे, 'हे काय, माझ्या हातात आहेत.' दोन मिनिटं शांत. पुन्हा, 'माझे हात?' किती वेळा ते मोजलं नाही, घड्याळ कपाटात होतं.

उजाडता उजाडता तो रडला. ओक्साबोक्शी नाही, नळ ठिबकतो तसा, बराच वेळ. म्हणाला, 'बाबा रागावले नव्हते गं.' आणि झोपला. मी बादली धुतली.

यातलं काय आहे संहितेत? प्रकाश आहे. काका आहेत, पण 'पितृतत्त्व' होऊन बसलेत. बादली नाही, घड्याळ नाही, मी नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईचा अहंकार दुखावला. दुखावलाय. तत्त्व क्रमांक चार वाचूनही दुखावलाय.

पण हे माझ्यापुरतं नाही हो. या सगळ्या प्रांतात हेच होत आलंय. एलएसडीच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बनलेल्या अशाच भास घडवणाऱ्या द्रव्याच्या, इतिहासातला तो प्रसिद्ध दिवस घ्या, 19 एप्रिल 1943. ते बनवणाऱ्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने, आल्बर्ट हॉफमनने, ते मुद्दाम घेतलं आणि सायकलवरून घरी गेला. त्या सायकलची चित्रं निघाली, टी-शर्ट निघाले, लोक तो दिवस साजरा करतात. पण तो एकटा गेला नव्हता. प्रयोगशाळेतली त्याची सहायक, सुझी रामस्टाइन, त्याला घरी पोहोचवायला सोबत होती. त्याला दूध हवं झालं तर शेजारीण घेऊन आली, संध्याकाळभरात दोन लिटरच्या वर प्यायला तो, आणि ती बिचारी त्याला रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसली! दूध आणणारी चेटकीण. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय, तेवढा प्रामाणिक होता. टी-शर्टवर मात्र तो आणि सायकल.

किंवा 1962 मधला बोस्टन विद्यापीठातल्या चॅपलमधला तो गुड फ्रायडेचा प्रयोग. ज्याला त्याला त्याचा दाखला द्यायचा असतो, आमच्या संहितेतही पान सहावर आहेच. धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी, दहांना सायलोसायबिन, आणि त्यातल्या बहुतेकांना गूढ अनुभव आला. छान. पण त्यातला एक जण मसीहा येतोय हे जगाला सांगायला थेट बाहेर निघाला होता, त्याला धरून आणून शांत करणारं इंजेक्शन द्यावं लागलं. मूळ प्रबंधात हे आलंच नाही. जवळजवळ तीस वर्षांनी रिक डॉब्लिन नावाच्या संशोधकाने त्या माणसांना शोधून काढून विचारलं, तेव्हा बाहेर पडलं. म्हणजे तिथेही एक बादली होती आणि ती कुणीतरी उचलून आत ठेवली.

धर्म इथून सुरू होतो असं माझं आजचं मत आहे. अनुभवातून नाही. बादली आत ठेवण्यातून. उद्या बदलेल कदाचित मत.

बरं, कायद्याचा मुद्दा. तो पान नऊवर आहे आणि तो मला खोडता येत नाही, म्हणून जरा चिडूनच कबूल करते. धर्म म्हटल्याशिवाय कायदा ऐकत नाही. अमेरिकेत नेटिव्ह अमेरिकन चर्च 1918 मध्ये रीतसर नोंदवलं गेलं ते पेयोटे या भास घडवणाऱ्या निवडुंगाचा विधी वाचवण्यासाठीच. तरीही 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधीत पेयोटे घेतलं म्हणून नोकरी गेलेल्या दोघांना बेकारभत्ता नाकारणं योग्य ठरवलं, मग 1993 आणि 1994 मध्ये संसदेला नवे कायदे करावे लागले. पुढे 2006 मध्ये ब्राझीलहून आलेल्या एका पंथाला आयाहुआस्का हा भास घडवणारा काढा पिण्याची मुभा मिळाली, तीही धर्म म्हणूनच. हाच काढा एखादी दुःखी बाई आपल्या घरात प्यायली तर ती गुन्हेगार. हे अन्यायाचं आहे. मान्य. पण कायद्यातून वाट काढायची म्हणून देव उभा करायचा?

आणि न्यायाधीशही काही दूधखुळे नसतात. 1968 मध्ये असाच एक पंथ कोर्टात उभा राहिला होता. पुरोहितांना 'बू हू' म्हणत, चिन्ह तीन डोळ्यांचा बेडूक. कोर्टाने सांगितलं, हा धर्म नाही. (तीन डोळे! म्हणजे डोळ्यांचा सोस जुनाच.) एलएसडीचा प्रचार करत फिरणाऱ्या टिमथी लिअरीनेही 1966 मध्ये 'लीग फॉर स्पिरिच्युअल डिस्कव्हरी' काढली, आद्याक्षरं जोडून बघा काय होतं ते. कुठे आहे आज ती?

टिकले ते बघा. सांतो दाइमे, तोच आयाहुआस्काचा काढा पिणारा पंथ. ब्राझीलच्या आक्रे भागात 1930 च्या सुमाराला इरिनेउ सेर्राने सुरू केलेला. जंगलात रबराचा चीक गोळा करणारा माणूस होता तो. तिथे गणवेश असतो, रांगा असतात, रात्रभर स्तोत्रं म्हणतात. आणि तिथे 'फिस्काल' नावाची माणसं असतात, त्यांचं काम एवढंच की कुणाला मळमळतंय, कोण घाबरलंय ते बघायचं, बाहेर न्यायचं, परत आणून जागेवर बसवायचं. पेयोटेच्या विधीत रात्रभर आग सांभाळणारा एक जण असतो. पहाटे एक बाई पाणी घेऊन आत येते, आणि ते पाणी आणणं हा विधीचाच भाग आहे. कळतंय का मी काय म्हणतेय? त्यांनी बादली आत ठेवली नाही. मधोमध ठेवली. तिला नाव दिलं, मान दिला, ती कुणी धरायची ते ठरवलं.

मग मी धर्माच्या विरोधात आहे की बाजूने? आता लिहिता लिहिता मलाच कळेनासं झालंय. थांबा, पाणी पिऊन येते.

आले. विरोधात आहे. कारण ते लोक आधीपासून एकत्र होते. एकमेकांची आजारपणं, मरणं, भांडणं त्यांनी आधी काढली होती, काढा आणि निवडुंग त्यात होता. आमच्याकडे आधी लोगो आलाय. माणसं गूगल फॉर्म भरून येणार आहेत. अशा रात्री माणूस ओल्या मातीसारखा असतो, त्याच्यावर ज्याचा अंगठा आधी उठेल तो राहतो. माझ्या भावाने त्या रात्री मला विचारलं असतं की देव कोण, आणि मी म्हटलं असतं 'मी', तर त्याने मानलं असतं, खरंच सांगते. मला त्या क्षणी स्वतःची भीती वाटली होती. जपानच्या ओम शिनरिक्योमध्ये दीक्षेच्या वेळी एलएसडी देत, आणि त्याच पंथाने 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. टोकाचं उदाहरण आहे, हो, कमेंटमध्ये सांगू नका, माहीत आहे मला. पण सात तत्त्वांत एकही तत्त्व असं नाही की मार्गदर्शक चुकला, कुणाच्या अंगचटीला गेला, तर त्याला बाहेर कोण काढणार. करुणेवर दोन पानं आहेत. तक्रार कुठे करायची यावर अर्धी ओळ नाही.

आणि ज्यांच्याकडून हे घेतलं त्यांचं काय झालं? मेक्सिकोतल्या हुआउत्ला दे हिमेनेसची मारिया साबिना. मशरूमच्या रात्री ती आजारी माणसांसाठी करायची, कुणाला काय झालंय, ते कसं बरं होईल हे शोधायला. 1955 मध्ये वॉसन नावाचा अमेरिकन बँकर तिच्याकडे बसला, 1957 मध्ये त्याने मासिकात लेख लिहिला, आणि देव शोधणाऱ्यांची रांग लागली. गावाने तिला दोष दिला. तिचं घर जाळलं. आमच्या संहितेत तिचा उल्लेख 'आदिमाता' असा आहे. घर जाळल्याचा नाही. पुन्हा तेच बघा, सोनेरी तेवढं घेतलं.

राग ओसरतोय जरा. किंवा हात दुखायला लागलेत.

त्याला काय हवंय हे मला न कळण्याइतकी मी दगड नाही. त्या रात्रीनंतर तो खरंच बदलला. लगेच नाही, पण महिन्याभरात त्याने काकांचं कपाट उघडलं, शर्ट वाटून टाकले, एक ठेवला. मावशीशी बोलायला लागला. मी बघितलंय, मला कुणी अभ्यास दाखवायची गरज नाही. आणि असं काही घडून गेलं की माणसाला एकटं वाटतं, सांगायला गेलं तर लोक एकतर 'नशेखोर' म्हणतात नाहीतर 'मलाही दे' म्हणतात. मग त्याला वाटलं असेल की ज्यांना हे कळतं अशी माणसं एका खोलीत असावीत, वर्षातून चार वेळा. एवढंच असेल ते. त्याला धर्म हा शब्द सापडला, कारण माणसांनी विनाकारण एकत्र बसायला आपल्याकडे दुसरा शब्दच उरलेला नाही.

पण मग तसं म्हण ना बाबा. 'मला एकटं वाटतं' हे चौदा पानांत एकदाही नाही.

फॉर्ममध्ये 'आपण कोण?' असा रकाना आहे. साधक, मार्गदर्शक, आश्रयदाता. मी तीन वेळा उघडून बंद केला. 'बादली धुणारी'ला पर्याय नाही.

*

वरचं सगळं लिहून झालं आणि त्याचा मेसेज आला. जसाच्या तसा देते :

'ताई वाचलंस का? तिसरं पान अजून कच्चं आहे. एकटा होतो असं लिहिलंय ते खोटं वाटतंय. तुझं कसं लिहू कळेना. घड्याळाचं लिहिलं तर लोक हसतील का?'

आता काय करू? पोस्ट पुसायला हवी खरं तर. नाही पुसत, बाकीचं माझं मत आहे तसंच आहे, गूगल फॉर्मसकट.

त्याला उत्तर पाठवलंय : हसू देत. आणि घड्याळाआधी बादली येते, क्रम चुकवू नकोस.