कोरी करकरीत हार्ड डिस्क

बंद पडलेली वस्तू सोलापुरात कुणी लगेच टाकून देत नाही. घरी येईल-जाईल त्याने आधी ती हातात घेऊन हलवून बघायची असते. माझा आयपॉड, म्हणजे अ‍ॅपलचं गाणी ऐकायचं खिशातलं यंत्र, तोही असाच हातोहात फिरला. "आतलं कायतरी सुटलंय," शेजारचे काका म्हणाले. "ओल गेली असेल," असं सासूबाईंचं मत पडलं. मे महिना, सोलापूर, नळाला पाणी काही दिवसांआड, आणि ओल म्हणे थेट आयपॉडात!

खरा आजार मला ठाऊक होता. हा आयपॉड पाचव्या पिढीतला, २००५ साली आलेला, ३० जीबीचा. आत गाणी साठवायला चक्क फिरणारी हार्ड डिस्क, १.८ इंची, मिनिटाला ४,२०० फेरे मारणारी. २००१ चा पहिला आयपॉडही अशाच चिमुकल्या डिस्कच्या जिवावर ५ जीबीत हजार गाणी खिशात घालून निघाला होता. माझी डिस्क आता टिक-टिक करून गप्प बसायची आणि पडद्यावर रडक्या तोंडाचं चित्र यायचं. यंत्र बिघडलं की दाखवायला रडकं तोंड आधीच काढून ठेवणाऱ्या माणसाला मी मानतो.

"मामा, फोनमध्ये सगळी गाणी मिळतेत की," भाचा म्हणाला. मिळतेत. पण अभंग ऐन रंगात आला की फोनमध्ये कर्ज घेता का म्हणून विचारणारी बाई घुसते. शिवाय आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या कॅसेटी मी रात्री जागून उतरवून घेतल्यात, त्या कुठल्या फोनमध्ये मिळतेत?

नवी पेठेतल्या मोबाइलवाल्याने आयपॉड उलटसुलट केला. "डिस्प्ले टाकू का, काका?" ताप असो की खोकला, त्याच्याकडे औषध एकच.

मग ऑनलाइन एक विक्रेता गाठला. पहिली डिस्क आली ती ८ मिलिमीटर जाडीची. ३० जीबीच्या आयपॉडच्या पाठीत ५ मिलिमीटरचीच बसते. जाड डिस्कला जाड पाठ लागते. "जरा दाबून बसवा की," काकांनी सुचवलं. ती परत केली. दुसरी आली, अंगावर चकचकीत प्लास्टिक आणि वर 'ब्रँड न्यू'.

आयपॉड उघडणं हा जिवावरचा खेळ. स्क्रू नाहीत, कडेच्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सारायची आणि एकेक खटका सोडवत जायचं. पण सुटला म्हणून पाठ खसकन ओढायची नाही; बॅटरीची आणि हेडफोनची फीत, म्हणजे चपटी वायर, त्या पाठीलाच चिकटलेली असते. फितीच्या टोकाला नखाच्या कडेएवढी खिट्टी. ती उचलायची, फीत सोडवायची, आणि हे सगळं कपाळावरचा घाम बोर्डावर न सांडता. मी दोन्ही तळहातांवर आयपॉडचे दोन अर्धे धरून बसलेलो, मध्ये फीत लोंबतेय, आणि आतून हाक आली, "अहो, पाणी आलं! मोटार लावा!"

सोलापुरात या हाकेपुढे ऑपरेशन टेबलावरचा पेशंटसुद्धा उठून घागर भरायला जाईल.

घरातली पिंपं, बादल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून झाल्यावर डिस्क बसवली. पडद्यावर अ‍ॅपलचं सफरचंद दिसलं, गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. संगणकाला जोडला तर आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरने ओळख दिली, रिस्टोअर, म्हणजे सगळं पुसून नव्याने भरणं, सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. फीत काढून पुन्हा बसवली, केबल बदलली, तरी तेच.

शेवटी यंत्रालाच विचारलं. मेनू आणि मधलं बटण दाबून धरायचं, सफरचंद येताच मधलं आणि मागे जायचं बटण धरायचं, की तपासणीचा छुपा पडदा उघडतो. त्यात हार्ड डिस्कची जन्मकुंडली असते. खराब झालेल्या जागा किती बदलून घेतल्या, किती अजून संशयात आहेत, आणि डिस्क एकूण किती तास चालली. माझ्या कोऱ्या करकरीत डिस्कचे तास होते साडेसहा हजारांच्या वर. खराब जागा शेकड्यांनी.

मी विक्रेत्याला फोन लावला.

"सर, टेस्टिंग करूनच पाठवतो आम्ही."

"साडेसहा हजार तास? अहो, रात्रंदिवस चालवली तरी नऊ महिने होतात!"

"क्वालिटीमध्ये आम्ही तडजोड करत नाही, सर."

नऊ महिन्यांनी निदान नवं काहीतरी जन्माला यायला हवं होतं. बरीच हुज्जत झाल्यावर तो पैसे परत द्यायला तयार झाला. डिस्क बांधून पाठवताना मी तिच्या लेबलाच्या कोपऱ्यात बॉलपेनने एक बारीक फुली मारली. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. कोर्टकचेरीच्या गावगप्पा ऐकून वाढलेल्या माणसाचा हात असा आपोआप चालतो.

डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवायचं अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते मागवलं. फिरणारं काही उरलंच नाही, त्यामुळे बिघडायला एक भाग कमी. रिस्टोअर एका दमात झालं, भजनी मंडळ मृदंगासकट परत आलं. आयपॉड मात्र इतका हलका झाला की सौ. म्हणाल्या, "आतलं सामान त्या दुकानदाराने काढून घेतलं की काय?"

परवा सहज त्या विक्रेत्याचं पान उघडलं. १.८ इंची डिस्क, ५ मिलिमीटर, 'सील्ड पीस, एकदाही न वापरलेला'. फोटो मोठा करून पाहिला. लेबलाच्या कोपऱ्यात निळी फुली. किंमत दोनशे रुपयांनी वाढवलेली.