विद्यावेतनात 'वेतन' हा शब्द आहे

गेल्या आठवड्यात एका फेलोशिपची जाहिरात मला तीन वेगवेगळ्या जणांनी पाठवली. 'वंचित समाजगटांतल्या नवोदित कलाकारांसाठी सुवर्णसंधी! सहा महिने नामवंतांचं मार्गदर्शन!' वाचत वाचत खाली गेले तर तळाशी एक ओळ: प्रवास, निवास आणि साहित्याचा खर्च सहभागींनी स्वतः करायचा आहे. आयोजकांपैकी एक ओळखीचे निघाले, म्हणून फोन करून विचारलं की मग वंचितांनी यायचं कसं? ते म्हणाले, "अहो, मार्गदर्शनाची किंमत पैशांत कशी करणार?"

करता येते. मी करून दाखवते.

मी प्रिंटमेकिंग करते, म्हणजे प्लेटवर चित्र कोरून कागदावर त्याचे छाप काढते. विशीत असताना एका ज्येष्ठ कलाकाराच्या स्टुडिओत आठ महिने 'शिकत' होते, बिनपगारी. प्लेट पुसायच्या, रोलरवरची शाई रॉकेलने काढायची, कागद भिजत घालायचे. खोटं कशाला बोलू, शिकले खूप. छापण्याआधी कागद किती ओला हवा हे बोटांना कळावं लागतं. पाण्याची चमक गेलेली हवी, पण गारवा राहिलेला हवा. हे कुठल्याच पुस्तकातून माझ्या हातात उतरलं नसतं. पण गॅलरीची माणसं आली की मला ट्रे धुवायला पाठवलं जायचं. एडिशन किती प्रतींची काढायची, किंमत कशी सांगायची, गॅलरीचा वाटा किती, न विकलेली कामं परत कधी मागायची, हे सगळं बोलणं दाराच्या पलीकडे. नळाच्या आवाजातून ऐकू येईल तेवढंच माझं.

आठव्या महिन्यात घरून पैसे येणं थांबलं आणि मी सोडलं. माझ्याबरोबरचा मुलगा थांबू शकला, थांबला. आज त्याच्या परिचयात त्या स्टुडिओचं नाव येतं, माझ्या येत नाही. गुणी आहे तो, त्याच्यावर राग नाही. पण आमच्या दोघांतला फरक हाताचा नव्हता, घरभाड्याचा होता.

विद्यावेतन हा जुना शब्द मला म्हणूनच आवडतो. शिष्यवृत्ती म्हटलं की कौतुकाचा वास येतो, मदत म्हटलं की उपकाराचा. वेतन म्हणजे सरळ हिशेब: तुझे सहा महिने आम्ही घेतोय, त्या काळात तू दुसरीकडे कमवू शकणार नाहीस, तर हे घे.

आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज. १९२३ साली फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या उन्हाळी कलावर्गासाठी तिची निवड झाली होती, पण ती कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर प्रवेश नाकारला गेला. पुढे ती स्वतः शिकवायला लागली. तिच्याकडे येणाऱ्या मुलांत एक होता जेकब लॉरेन्स. महामंदीच्या काळात अमेरिकन सरकार कलाकारांना कामावर घेऊन पगार देत होतं. सॅव्हेज त्याला त्या योजनेच्या कचेरीत घेऊन गेली. उत्तर मिळालं, वय कमी आहे, २१ लागतं. तो ते विसरूनही गेला होता. ती विसरली नाही. तो २१ वर्षांचा झाल्यावर त्याला पुन्हा घेऊन गेली आणि १९३८ मध्ये त्याचं नाव पगारपत्रकावर चढलं, आठवड्याला सुमारे २४ डॉलर. १९४० मध्ये त्याला रोझेनवाल्ड फंड या दानसंस्थेची फेलोशिप मिळाली, त्यातून त्याने स्टुडिओ भाड्याने घेतला आणि दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका रंगवली. तेव्हा तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता.

या गोष्टीत सॅव्हेजने त्याला रंग कसा लावायचा ते शिकवलं की नाही, याचं मला फारसं अप्रूप नाही. ती त्याला पगारापर्यंत घेऊन गेली, आणि पहिल्यांदा नाही म्हटल्यावर पुन्हा घेऊन गेली. माझ्या लेखी मेंटॉर म्हणजे हेच. महिन्यातून एकदा झूमवर येऊन 'स्वतःचा आवाज शोधा' म्हणणारी माणसं पैशाला पासरी मिळतात.

अशा पैशाची साखळीही बनते. हार्लेममधलं स्टुडिओ म्युझियम १९६८ साली सुरू झालं, तिथे आफ्रिकी वंशाच्या कलाकारांना स्टुडिओ आणि विद्यावेतन देण्याची प्रथा आहे. तिथे राहून गेलेला चित्रकार टायटस कफार याने पुढे अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहरात नेक्स्टहेवन नावाची संस्था दोघांबरोबर उभी केली. तिथे फेलोंना आर्थिक आधार आणि मार्गदर्शन मिळतंच, शिवाय हायस्कूलची मुलं शिकाऊ म्हणून येतात आणि त्यांनाही मोबदला मिळतो. शाळेतल्या मुलांना! ट्रे धुणारी मी आठवले आणि हसू आलं.

आता मी कधीकधी टेबलाच्या पलीकडेही बसते, निवड समितीत. एकदा एक अर्ज आला, लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांचे, फोटो मोबाइलवर काढलेले, कागदावर काढणारीच्याच हाताची सावली. एक सदस्य म्हणाले, "काम बरंय, पण डॉक्युमेंटेशन कच्चं आहे." सावलीखालचं काम कुणी झूम करून पाहिलं नव्हतं. केसांची एकेक बट वेगळी कापली होती तिने, कुठेही हत्यार घसरलं नव्हतं. आपण कलेला गुण देतोय की कॅमेऱ्याला, यावर आमचं बरंच वाजलं.

दुसरी मेख अर्जातल्या त्या प्रश्नात असते: 'तुमच्या संघर्षाबद्दल लिहा, ५०० शब्द.' जो जास्त रडवेल तो पुढे. मग निवड झाल्यावरही मेंटॉर विचारतो, तुझ्या वस्तीवर काहीतरी कर ना. तिला कदाचित फक्त मासे रंगवायचे असतील. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो द्यायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा पात्र अर्जांतून चक्क सोडत काढली. तो प्रयोग वंचितांपुरता नव्हता, सगळ्यांसाठी होता, त्यामुळे जशाच्या तसा उचलता येणार नाही. पण पात्रता तपासून झाल्यावर दुःखाची स्पर्धा न लावता चिठ्ठ्या टाकणं मला जास्त सभ्य वाटतं.

मेंटॉरलाही पैसे द्या, हे जाता जाता. त्याच समाजातून वर आलेल्या कलाकाराला 'आपल्याच पोरांसाठी आहे' म्हणून फुकट राबवायचं आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला मानधन, हा प्रकार मी अनुभवलाय.

'पैसे मिळाले की भूक मरते' असं म्हणणारे बहुतेक वेळा जेवून आलेले असतात. पुढे जाऊ.

सावलीचा फोटो पाठवणारीची निवड झाली. फेलोशिप पगारी होती, रक्कमही चांगली होती. पण नियम असा की आधी खर्च करा, बिलं जोडा, मग पैसे. तिचा चार ओळींचा मेल आला: आभारी आहे, पण पहिल्या महिन्याचं भाडं आणि तिकीट मी कशातून भरू? आम्ही तिला नियम कळवला. तिने माघार घेतली, आम्ही प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव घेतलं. त्या मेलखालच्या नावांत माझंही नाव होतं.

पुढच्या बैठकीत भांडून नियम बदलून घेतला. आता पहिला हप्ता सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी खात्यात जातो, बिलं लागत नाहीत. यंदाच्या अर्जांत तिचं नाव शोधलं, नव्हतं. परवा जुन्या अर्जावरून नंबर काढून तिला नवा नियम आणि शेवटची तारीख व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. शेवटच्या तारखेला अजून नऊ दिवस आहेत. उद्या फोन करते.