सरसकट सगळं गोठवू नका

‘उरलेली कोणतीही भाजी एकेका वेगळ्या डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये टाका’ हे उरलेलं अन्न गोठवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून मी एकटीच. एका माणसाची आमटी म्हणजे कुकरच्या तळाशी मूठभर डाळ, आणि शिट्ट्या तेवढ्याच! म्हणून रविवारी राजमा, छोले किंवा मुगाची उसळ कुकरभर लावते आणि एका जेवणाच्या मापाने गोठवते.

बटाट्याचा रस्सा मात्र एकदाच ठेवला. फोडी अगदी स्पंज झाल्या होत्या, दाबलं की पाणी. दह्याची कढीही फुटते. पुरण झकास राहतं, कटाची आमटीसुद्धा.

डबे फार जागा खातात. झिपच्या पिशवीत भरायचं, हवा काढायची आणि ताटलीवर आडवं गोठवायचं. नंतर पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लागतात. पातळ थर वितळतोही लवकर. वर नाव नि तारीख लिहाच. गोठलेली आमटी आणि सांबार, ओळखून दाखवा!

भाताचं लेखात काहीच नाही. तो पसरून लगेच गार करून ठेवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतूंचं जे विष तयार होऊ शकतं, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. आणि एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवलेलं नीट टिकायला लागणारे उणे १८ अंश मिळतीलच असं नाही, तिथलं आठवड्याभरात संपवलेलं बरं.

फोडणी मी वरून ताजीच देते. गोठवलेला कढीपत्ता अगदीच मलूल लागतो.