वाया जाण्यालाही तालीम लागते

बॉक्सिंगमध्ये जगज्जेता कसं व्हावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. होता होता कसं राहून जावं, हे मात्र कुणी शिकवत नाही. वास्तविक हे काम जास्त अवघड. रिंगमध्ये नुसता मार खाणारे पैशाला पासरी मिळतात. पण ‘अरेरे, काय माणूस होता, कुठल्या कुठे गेला असता!’ असा सुस्कारा लोकांनी तीस वर्षांनंतरही टाकायचा, तर आधी अंगात खरोखरचा गुण असावा लागतो. तो नसेल तर पुढे वाचू नका. तुम्ही साधे हरणारे आहात.

गुण असेल, तर हेवीवेट गट निवडा. इतर गटांत वजनकाटा भलताच खाष्ट असतो. वेल्टरवेटचा किताबधारी आदल्या दिवशी १४७ पौंडांच्या वर भरला, तर एकही ठोसा न खाता किताब घालवून बसतो. बिचाऱ्याला वाया जायलाही सवड मिळत नाही. हेवीवेटला आज खालची मर्यादा आहे, २०० पौंड, म्हणजे ९१ किलोच्या आसपास. वरची नाहीच. तुम्ही कितीही चरून या, काटा अडवत नाही, फक्त आकडा सांगतो. आणि आकडा ऐकून न ऐकल्यासारखं करणं ही तर या विद्येची पहिली पायरी.

त्यानंतर एकदा तरी दणदणीत जिंका. न जिंकता वाया गेलेल्याची आठवण कोण काढतो? या बाबतीत गुरुस्थानी बस्टर डग्लस. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. समोर तोवर एकदाही न हरलेला जगज्जेता माइक टायसन, आणि सट्टेबाजांकडे डग्लसचा भाव ४२ ला १. तीनच आठवड्यांपूर्वी डग्लसची आई गेली होती. त्या रात्री तो असा लढला, की आधीची सगळी वर्षं हा माणूस कुठे लपून बसला होता असं वाटावं. सरळ, लांब, न थकणारा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा. आठव्या राऊंडमध्ये खाली पडला, उठला, आणि दहाव्यात त्याने टायसनला झोपवलं. जगातला सगळ्यात भीतिदायक माणूस रांगत रांगत आपला निसटलेला माउथपीस, म्हणजे दातांवरचं रबरी कवच, चाचपडतोय, हे दृश्य ज्याने पाहिलंय तो विसरलेला नाही.

त्याच लढतीत टायसनच्या कोपऱ्याकडेही बघा, तिथेही अभ्यासक्रम चालू होता. जुना प्रशिक्षक केव्हिन रूनी याला टायसनने १९८८ मध्येच नारळ दिला होता. आता डावा डोळा सुजून मिटत चालला, तर नव्या मंडळींकडे सूज दाबायची थंडगार धातूची पट्टीसुद्धा नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरून उभे! कोट्यवधी डॉलरचा डोळा आणि त्यावर पाण्याचा फुगा. तेव्हा सोबतीला माणसं निवडताना कामाची नकोत, होयबा हवीत.

तर डग्लस. टोकियोत त्याचं वजन होतं दोनशे साडेएकतीस पौंड. २५ ऑक्टोबरला, म्हणजे साडेआठ महिन्यांनी, इव्हँडर होलिफील्डसमोर पहिल्यांदा किताब राखायला उतरला तेव्हा २४६. मानधन दोन कोटी डॉलरच्या वर. तिसऱ्या राऊंडमध्ये त्याने लांबून एक आळसावलेला अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, सोडला, तो हवेत गेला, आणि होलिफील्डचा उजवा नेमका जबड्यावर बसला. पडल्या पडल्या त्याने ग्लोव्हने चेहरा चोळला. उठायची घाई काही दिसली नाही. हिशोबाने पाहिलं तर जगज्जेतेपण वर्षभरसुद्धा टिकू न देता त्याने जन्माची सोय करून घेतली. उगाच नाही मी गुरू म्हणत.

२४६ हा आकडा लक्षात ठेवा, शुभ दिसतोय. रिडिक बो याने नोव्हेंबर १९९२ मध्ये याच होलिफील्डला हरवलं तेव्हा तो २३५ पौंडांचा होता. वर्षाने परतीच्या लढतीला आला तो बरोब्बर २४६ चा होऊन, आणि किताब गेला. मध्येच सातव्या राऊंडला मोटर लावलेल्या पॅराशूटवरून एक इसम आकाशातून थेट रिंगच्या दोरांवर येऊन आदळला आणि लढत वीसेक मिनिटं थांबली. दोष द्यायला आकाशातून माणूस पडावा, असं नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

पण बोची खरी कर्तबगारी त्याआधीची. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने त्याला दुसऱ्या राऊंडमध्येच संपवलं होतं. पुढे बो जगज्जेता झाला आणि नियमाने त्याच लुईसशी लढणं भाग पडलं. तुम्ही-आम्ही काहीतरी दुखण्याचं निमित्त काढलं असतं. बोने लंडनमध्ये पत्रकारांना बोलावून डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेच्या किताबाचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. टाळायचंच तर असं थाटात टाळावं! तो किताब मग लुईसला मिळाला, आणि व्यावसायिक रिंगमध्ये हे दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बोच्या नावावर पराभव फक्त एक. एवढ्या काटकसरीत एवढं वाया जाणं दुसऱ्या कुणाला जमलेलं मला तरी ठाऊक नाही.

हरायचा कंटाळा असेल तर आंद्रे गोलोटाची पद्धत बघा : जिंकता जिंकता बाद व्हायचं. जुलै १९९६, न्यूयॉर्क. हा पोलिश गडी रिडिक बो याला अक्षरशः धुऊन काढत होता. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर पुढे. नुसतं उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. पण हात पुन्हा पुन्हा कमरेखाली जात राहिले, आणि सातव्या राऊंडमध्ये त्याला बाद केलं. चूक कुणाच्याही हातून होते. पाच महिन्यांनी, त्याच माणसाविरुद्ध, तसंच पुढे असताना, तीच चूक करून नवव्या राऊंडमध्ये पुन्हा बाद होणं, याला मात्र साधना लागते.

मॅक्स बेअर हा यातला जुना जाणकार. १९३४ मध्ये प्रिमो कार्नेराला अकरा वेळा जमिनीवर लोळवून किताब घेतला आणि पुढच्याच वर्षी जेम्स ब्रॅडॉकसमोर विदूषकी चाळे करता करता देऊन टाकला. असो.

ऑलिव्हर मॅकॉललाही इथे घेणार होतो. १९९४ मध्ये लुईसला दुसऱ्या राऊंडमध्ये गारद केलेला हा माणूस १९९७ च्या परतीच्या लढतीत हात खाली सोडून रिंगमध्ये फिरत राहिला, रडायला लागला, आणि पाचव्या राऊंडमध्ये रेफ्रींनी लढत थांबवली. ते पुन्हा पाहिलं, आणि थट्टेचं एकही वाक्य सुचलं नाही. त्याला सोडून देऊ.

हे सगळं जुन्या काळचं वाटत असेल, तर अँडी रुईझ आहे. १ जून २०१९ ला अँथनी जोशुआसमोर तो आयत्या वेळचा बदली म्हणून आला, जेमतेम महिनाभराच्या तयारीवर. २६८ पौंड, पोट पँटच्या पट्ट्यावरून ओघळलेलं. बघणारे हसले. त्याने जोशुआला चारदा पाडलं आणि सातव्या राऊंडमध्ये किताब घेतला. डिसेंबरमध्ये सौदी अरेबियात परतीची लढत ठरली. आता हाताशी सहा महिने होते, पैसा होता, आणि काटा नेहमीसारखाच गप्प होता. आकडा आला २८३. जोशुआ बारा राऊंड लांबून जॅब मारत राहिला, रुईझ त्याच्या मागे पाय ओढत राहिला, गुणांवर हरला. तीन महिने मौजमजेत गेले, तयारी उशिरा सुरू केली, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. आणि रिंगमधून उतरायच्या आधीच म्हणाला, तिसरी लढत झाली तर आयुष्यात कधी नव्हतो इतका तयार होऊन येईन.

ती लढत काही झाली नाही.